सूत्रं कोणाच्या हाती?

पहाटेचे ४ वाजून ३१ मिनिटं झाली होती. तारीख १७ जानेवारी १९९४, वार सोमवार. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. तिथल्या लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज भागात सगळे गाढ झोपेत होते, आणि अचानक जमीन हादरू लागली! जेमतेम दहा-वीस सेकंद. पण तेवढ्यात रस्त्यांवरचे पूल कोसळले, घरं कलली, गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या, दिवे गेले. भूकंपाची तीव्रता होती ६.७.

या नॉर्थरिजमध्ये एक मोठं विद्यापीठ आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, नॉर्थरिज असं त्याचं लांबलचक नाव. भूकंपाचं केंद्र तिथून दोन-तीन किलोमीटरवर, म्हणजे अगदी उशाशीच म्हणा ना! विद्यापीठाची एकही मोठी इमारत धड राहिली नाही. विज्ञान विभागात रसायनांमुळे आगी लागल्या. ग्रंथालयातली पुस्तकं फळ्यांवरून जमिनीवर आली. मोटारी उभ्या करण्यासाठी बांधलेली कित्येक मजल्यांची नवीकोरी इमारत तर पत्त्यांच्या बंगल्यासारखी आत कोसळली. तिचे वाकलेले खांब पुढे जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले.

बालमित्रांनो, तुमच्या आईबाबांना विचारलंत, तर त्यांना अशीच दुसरी एक पहाट आठवेल. नॉर्थरिजच्या आधी साडेतीन महिने, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी हे नाव तेव्हापासून घराघरांत पोचलं. तिथे हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. नॉर्थरिजच्या भूकंपातले बळी साठच्या आसपास होते. दोन्ही ठिकाणची घरं वेगळी, गरिबी-श्रीमंती वेगळी. पण पहाटेच्या अंधारातला पहिला प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच होता : आता सूत्रं कोणाच्या हाती?

नॉर्थरिजच्या विद्यापीठाचं नशीब एका बाबतीत थोर. त्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीनिमित्तची सुट्टी होती, शिवाय वेळ पहाटेची. वर्ग रिकामे होते. हाच भूकंप चालू दिवसात सकाळी दहा वाजता झाला असता तर? वीस-पंचवीस हजार विद्यार्थ्यांचं ते विद्यापीठ! जवळच्या एका वसाहतीची तीन मजली इमारत पडून १६ जण गेले, त्यांत या विद्यापीठाचे दोन विद्यार्थी होते.

आता डोळ्यांसमोर आणा. पहाटेचे पाच वाजलेत. कुणी म्हणतंय प्रयोगशाळेत आग आहे. कुणी म्हणतंय वसतिगृहातली मुलं मैदानात येऊन थांबलीत, त्यांना पांघरुणं हवीत. कुठे पाण्याचा नळ फुटलाय. पाचशे मैलांवरून एक आई फोन लावतेय आणि फोन काही लागत नाहीये. या सगळ्या बातम्या जायच्या कुणाकडे? आणि कुणाला कुठे पाठवायचं, हे सांगायचं कुणी?

यासाठी एक खोली लागते. आपण तिला आपत्कालीन नियंत्रण कक्ष म्हणू.

नाव भारदस्त आहे, पण खोलीत शिरलात तर तुमची थोडी निराशाच होईल. सिनेमातल्यासारखे लुकलुकणारे लाल दिवे तिथे नसतात. लांब टेबलं, खुर्च्या, बरेच फोन, वॉकीटॉकी. भिंतीवर विद्यापीठाचा मोठा नकाशा. कपाटात प्रत्येक इमारतीचे आराखडे, गॅसची आणि पाण्याची मुख्य चावी कुठे आहे याच्या खुणा. हे आराखडे मुद्दाम कागदावर छापलेले असतात, कारण वीज गेल्यावर संगणकाचा काय उपयोग? बाहेर एक जनरेटर. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, बॅटऱ्या. सगळ्यांना दिसेल असं एक भलंमोठं घड्याळ. आणि एक वही.

ही वही फार महत्त्वाची बरं का! आलेली प्रत्येक बातमी तिच्यात वेळेसह लिहायची : किती वाजता आली, कुणी दिली, कुणाकडे सोपवली, पुढे काय झालं. वर्गातल्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "बाई, बाहेर आग लागलीय आणि हे लिहीत काय बसलेत?" प्रश्न बरोबरच आहे. पण असं बघा, तीन माणसांनी तीन वेळा फोन करून सांगितलं, की विज्ञान इमारतीत धूर दिसतोय. वही नसेल तर तीन वेळा तीन पथकं तिकडे धावतील, आणि वसतिगृहाच्या जिन्यात अडकलेल्या मुलीकडे कुणीच जाणार नाही.

या खोलीतली माणसं आग विझवत नाहीत, की ढिगारा उपसत नाहीत. ती कामं जागेवरची पथकं करतात आणि त्यांचा प्रमुखही तिथेच, जागेवर असतो. त्याला पाणी हवं, दिवे हवेत, आणखी माणसं हवीत, की तो खोलीकडे मागतो. खोली पुरवते. शिवाय जागेवरच्या माणसाला फक्त समोरची आग दिसते, खोलीतल्यांना अख्खं विद्यापीठ दिसावं लागतं.

आता तुम्ही विचाराल, खोलीत बसतं कोण? समजायला सोपं जावं म्हणून आपण एका लग्नघरात जाऊ. एक यजमान असतात, शेवटचा शब्द त्यांचा. काही मंडळी पंगती वाढणं, वऱ्हाड उतरवून घेणं अशी प्रत्यक्ष धावपळ करतात. एक काका हातात यादी घेऊन उद्याचा विचार करत असतात : संध्याकाळी पाऊस आला तर मांडव कुठे हलवायचा? कोठीघराच्या किल्ल्या एका मावशीच्या कमरेला असतात, नारळ हवा की तिच्याकडेच जायचं. आणि एक आजोबा पैशांची पिशवी मांडीखाली घेऊन, दिलेली पै न् पै टिपून ठेवत असतात.

गंमत म्हणजे नियंत्रण कक्षातही नेमके हेच पाच विभाग असतात. प्रमुख, प्रत्यक्ष कार्य, नियोजन, साहित्यपुरवठा आणि हिशेब. प्रत्येकाच्या अंगावर आपल्या कामाचं नाव लिहिलेलं जाकीट असतं, म्हणजे नवख्या माणसालाही कुणाकडे जायचं ते लगेच कळतं. संकटात हिशेब कशाला, असं वाटेल. पण नंतर सरकारकडून नि विमा कंपनीकडून भरपाई मागताना कागद लागतात, तेव्हा त्या आजोबांचीच आठवण होते. नॉर्थरिजच्या विद्यापीठाचं नुकसान ४० कोटी डॉलरच्या घरात गेलं होतं, म्हणजे बघा!

ही पाच विभागांची पद्धत कुण्या विद्वानाने टेबलाशी बसून शोधलेली नाही. १९७० साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रानांत वणवे पेटले. तेरा दिवसांत १६ माणसं गेली, ७०० घरं-इमारती जळाल्या. आग विझवायला ठिकठिकाणची अग्निशमन दलं धावून आली. शौर्यात कुणी कमी नव्हतं. पण एका दलाची वायरलेसवरची सांकेतिक भाषा दुसऱ्याला कळेना. एकाच हुद्द्याचा अर्थ इथे एक, तर तिथे दुसराच. मदतीला आलेल्या माणसांनी हुकूम कुणाचा ऐकायचा, हेही ठरलेलं नव्हतं. त्या अनुभवातून ही पद्धत जन्माला आली. तिचे काही नियम मला फार आवडतात. एक म्हणजे सांकेतिक शब्द बंद, सगळ्यांनी साधं सरळ बोलायचं. दुसरा, एका माणसाने तीन ते सात जणांवरच देखरेख करायची, पाच असतील तर उत्तम. (पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा नियम कुणी लावला तर काय बहार येईल!) तिसरा, प्रत्येकाला वरिष्ठ एकच. दोघांनी दोन हुकूम द्यायचे नाहीत.

पण नियम कागदावर असून भागत नाही. २० ऑक्टोबर १९९१ रोजी ओकलंड शहराच्या टेकड्यांवर प्रचंड आग लागली. बर्कलीचं प्रसिद्ध विद्यापीठ तिथून अगदी जवळ. शेजारच्या गावांचे बंब मदतीला आले, आणि त्यांचे पाइप ओकलंडच्या नळांना बसेनात! ओकलंडमधल्या नळांची तोंडं तीन इंची होती आणि इतरांचे पाइप अडीच इंची. अर्ध्या इंचाचा फरक! जोडणी करायला तुकडे होते, पण ते सगळ्यांना पुरले नाहीत. त्या आगीत २५ माणसं गेली, तीन हजारांहून अधिक घरं खाक झाली. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदाच केला, की राज्यातल्या सगळ्या सरकारी यंत्रणांनी संकटात एकाच पद्धतीने काम करायचं. सरकारी विद्यापीठंही त्यात आली.

विद्यापीठाला स्वतःची अशी खोली हवी कशाला, शहराची असतेच की, असं कुणाला वाटेल. पण अमेरिकेतलं मोठं विद्यापीठ म्हणजे एक छोटं गावच असतं. हजारो मुलं वसतिगृहात राहतात. खानावळी, दवाखाना, खेळाचं मैदान, आणि स्वतःचे पोलीससुद्धा! त्यात प्रयोगशाळांत विषारी वायूंच्या टाक्या, थंडगार पेट्यांत ठेवलेले जिवाणू, पिंजऱ्यांतले उंदीर. कोणत्या खोलीत काय आहे, हे शहरातल्या अग्निशमन दलाला कसं ठाऊक असणार? ते विद्यापीठालाच सांगावं लागतं. शिवाय भूकंपानंतर शहराचे बंब शहरभर विखुरलेले असतात. ते येईपर्यंत विद्यापीठाला आपलं आपणच बघावं लागतं.

तयारीत सगळ्यांत अवघड काम म्हणजे खुर्च्यांवर कोण बसणार हे ठरवणं. इथे एक चतुराई आहे. खुर्ची माणसाच्या नावाची नसते, कामाची असते. प्रत्येक खुर्चीसाठी निदान तिघे तयार करतात. कुलगुरू परगावी असतील तर? साहित्यपुरवठ्याच्या बाई पुलापलीकडे राहतात आणि पूलच पडला तर? मग दुसरा बसतो, दुसरा नसेल तर तिसरा. टेबलावर त्या कामाची यादी तयारच असते : पहिल्या दहा मिनिटांत हे करा, पहिल्या तासात ते. घाबरलेल्या माणसाला सगळं आठवत नाही, पण वाचता मात्र येतं. कामाच्या पाळ्याही ठरलेल्या असतात. बारा तास झाले की घरी जायचं किंवा झोपायचं, कितीही वाटलं तरी थांबायचं नाही. आणि ही खोलीच पडली तर? म्हणून दुसरी खोली दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या टोकाला.

भूकंपानंतर इंजिनिअर मंडळी एकेक इमारत तपासत जातात आणि दारावर पाटी लावतात. हिरवी असेल तर खुशाल जा. पिवळी असेल तर ठरावीक कामापुरतंच. लाल असेल तर कुणीही आत पाऊल टाकायचं नाही. मग प्राध्यापक मंडळी अजिजी करू लागतात, "माझी दहा वर्षांची टिपणं आत आहेत हो!" नाही म्हणण्याचं कठोर कामही खोलीलाच करावं लागतं.

नॉर्थरिजमध्ये पुढे काय झालं, ते ऐका. कुलगुरू होत्या ब्लेंडा विल्सन. बहुतेक इमारतींत पाऊल टाकायची सोय नव्हती. कार्यालयं तंबूंत भरली. चाकांवरच्या शेकडो तात्पुरत्या खोल्या आणून मैदानांवर नि वाहनतळांवर ओळीने मांडल्या. आणि १४ फेब्रुवारी १९९४ रोजी, म्हणजे भूकंपानंतर बरोबर चार आठवड्यांनी, वर्ग सुरू झाले! ठरलेल्या तारखेहून फक्त दोन आठवडे उशिरा. एवढ्या खोल्यांत कुठला वर्ग कुठे, हे विद्यार्थ्यांना सांगायचं म्हणजे काय दिव्य असेल! ग्रंथालयाचे दोन्ही बाजूंचे भाग तर पुढे पाडूनच नव्याने बांधावे लागले.

संकट पायाखालून येतं तसं माणसाच्या रूपानेही येतं. ही गोष्ट मुलांच्या अंकात लिहावी का, यावर मी जरा विचार केला. पण थोडक्यात सांगतेच. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या अमेरिकन विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हल्लेखोर विद्यापीठाबाहेर गेला असावा, अशी पोलिसांची समजूत झाली. विद्यार्थ्यांना सावध करणारं पहिलं ई-पत्र गेलं ते ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच माणसाने वर्गांमध्ये गोळीबार केला. एकूण ३२ जणांचे प्राण गेले. दोन तासांचं ते अंतर अमेरिकेला फार बोचलं. आता तिथल्या कायद्याप्रमाणे धोका दिसताच विद्यापीठाने विद्यार्थ्यांना ताबडतोब कळवायचं असतं, आणि कळवण्याची यंत्रणा वर्षातून निदान एकदा चालवून बघायची असते. म्हणून आजच्या नियंत्रण कक्षात एक माणूस केवळ इशारे पाठवण्यासाठी असतो. मोबाइलवर संदेश, ध्वनिक्षेपक, भोंगे, सगळं त्याच्या हाताशी. इशाऱ्यांची वाक्यं आधीच लिहून ठेवतात, वेळेवर फक्त जागेचं नाव घालायचं. घाईत चांगलं वाक्य सुचत नाही, हे तर निबंध लिहिताना तुम्हीही अनुभवलं असेल!

कधी कधी मात्र अख्खं विद्यापीठच सोडून जावं लागतं. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरीना हे चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्स शहराकडे येत होतं. तिथल्या टुलेन विद्यापीठात २७ तारखेला नवी मुलं सामानसुमान घेऊन राहायला आली, आणि त्याच दिवशी त्यांना सांगितलं गेलं, की परत फिरा! ज्यांना घरी जाणं शक्य नव्हतं अशा सुमारे सहाशे जणांना बसने शेजारच्या मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनला हलवलं. २९ तारखेला वादळ आलं, बांध फुटले, शहर बुडालं, विद्यापीठाच्या मोठ्या भागात पाणी शिरलं. कुलगुरू स्कॉट कॉवेन आणि त्यांचे काही सहकारी मागे थांबले होते. पुढे त्यांनी टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात बस्तान बसवलं आणि परक्या गावातून आपलं विद्यापीठ चालवलं. पण पगार द्यायचे तर कर्मचाऱ्यांची माहिती हवी, आणि ती साठवलेल्या संगणकाच्या फिती न्यू ऑर्लिन्समधल्याच एका उंच इमारतीत राहिलेल्या! पोलिसांच्या सोबतीने माणसं पाठवून त्या काढून आणाव्या लागल्या. विद्यार्थ्यांना देशभरातल्या शेकडो महाविद्यालयांनी त्या सत्रापुरतं सामावून घेतलं. १७ जानेवारी २००६ रोजी टुलेन पुन्हा उघडलं आणि बहुसंख्य मुलं परत आली.

पालकांनो, या खोल्यांकडून आपल्यालाही एक गोष्ट उचलता येईल. मोठ्या संकटात गावातल्या गावात फोन लागत नाहीत, पण दूरगावी कधीकधी लागतात. म्हणून घरातल्या सगळ्यांनी परगावचा एक नातेवाईक आधीच ठरवावा. नाशिकची आत्या म्हणा, नाहीतर नागपूरचे मामा. प्रत्येकाने त्यांनाच कळवायचं, "मी सुखरूप आहे, अमुक ठिकाणी आहे." आपल्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १०७७ आहे, तोही मुलांकडून पाठ करून घ्या. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष उभे करण्याच्या कामाला किल्लारीच्या भूकंपानंतरच जोर आला.

विद्यापीठांत या खोलीची तालीम कशी घेतात, माहीत आहे? सगळे टेबलाभोवती बसतात. एकजण बंद पाकिटातून एकेक चिठ्ठी काढून वाचतो आणि ज्याचं काम असेल त्याने आपण काय करू ते सांगायचं. हा खेळ तुम्हीही खेळू शकता. पाच जण जमवा, पाच विभाग वाटून घ्या, एकाला वही द्या. शाळेचा नकाशा काढा, मुख्य दार, जिने, नळ, विजेचं मुख्य बटण सगळं त्यात दाखवा. मग या चिठ्ठ्या एकामागून एक उघडा.

चिठ्ठी पहिली : दुपारचे दोन वाजलेत, भूकंपाचा धक्का बसून थांबलाय. दिवे गेलेत. चिठ्ठी दुसरी : सातवीची ३८ मुलं मैदानात आलीत, हजेरीपटावर ४० आहेत. चिठ्ठी तिसरी : मुख्याध्यापक आज तालुक्याला मीटिंगला गेलेत. चिठ्ठी चौथी : फाटकाशी शंभर पालक जमलेत, सगळ्यांना एकदम आत यायचंय. चिठ्ठी पाचवी : कुणीतरी ओरडत आलंय, की स्वयंपाकघरातून गॅसचा वास येतोय, आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणीतरी सांगितलंय, की सातवीतली ती दोघं तिकडेच पाणी प्यायला गेली होती.

चला, घड्याळ लावा!